पार्श्वसंगीताची परीक्षा आणि कोल्हापूरचे चित्रपट

विक्रमोर्वशीयाच्या चौथ्या अंकाच्या पोथ्या ज्यांनीं एकमेकींशीं ताडून पाहिल्या आहेत, त्यांस एक अडचण परिचित आहे. उर्वशीच्या विरहानें वेडावलेला पुरूरवा वनांत भटकत असतां कांहीं पोथ्यांत मधून मधून अपभ्रंश व प्राकृत पद्यें येतात, आणि त्यांजबरोबर द्विपदिका, चर्चरी, खंडधारा अशीं गायन-नर्तनाचीं नांवेंही येतात. रंगनाथाच्या टीकेंत हीं पद्यें आहेत. दक्षिणेकडील काटयवेमाच्या पाठपरंपरेंत तीं नाहींत. कै. शंकर पांडुरंग पंडित यांनीं सन १८७९ मध्यें मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत या नाटकाची आवृत्ति काढिली, तेव्हां हीं पद्यें मूळचीं नव्हेत असें मत दिलें. पुढें त्याच्या उलट बाजूनेंही लिहिलें गेलें. तो वाद येथें मिटवावयाचा नाहीं. पद्यें मूळचीं मानिलीं तर दक्षिणेंत तीं गळालीं. प्रक्षिप्त मानिलीं तर उत्तरेंत तीं शिरलीं. कोणताही पक्ष घेतला तरी एक गोष्ट उरतेच. पात्राच्या भाषणास लेखकानें जो मान दिला, तो भाषणाच्या मागून चालणाऱ्या गाण्यास दिला नाहीं. तें घालावयास किंवा गाळावयास त्याचा हात कचरला नाहीं.

चित्रपटाच्या पार्श्वसंगीताची अवस्था हीच आहे, असें आम्हांस वाटतें. पात्रांच्या तोंडचें गाणें लोकांच्या ओठीं राहतें, तबकडीवर निघतें, त्याचीं पुस्तकें छापलीं जातात. परंतु दोन संवादांच्या मधून, एखाद्या निर्जन वाटेवरून किंवा रिकाम्या खोलींतून जें नुसतें वाद्यांचें वातावरण वाहतें, तें ऐकूनही कोणी ऐकत नाहीं. तें चांगलें कीं वाईट हें कोणत्या कसोटीनें ठरवावें, हें विचारिलें असतां 'प्रसंगास शोभलें' किंवा 'फार वाजलें' याहून निश्चित उत्तर मिळत नाहीं. आणि ज्याचें मोल ठरवितां येत नाहीं, त्याचें जतनही होत नाहीं. म्हणून या लेखांत प्रथम परीक्षेची रीत मांडावयाची, तिला कोल्हापुरांत जन्मलेल्या चित्रपटसंस्थेच्या दोन कृति लावून पाहावयाच्या, आणि अखेरीस संग्राहकांपुढें एक मागणें ठेवावयाचें, असा आमचा विचार आहे.

हा विषय अगदीं नवा आहे अशी समजूत असल्यास ती प्रथम दूर केली पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रांत कुतप म्हणजे वाद्यवृंद कोठें बसावा, तत, अवनद्ध, घन व सुषिर या चार जातींचीं वाद्यें कशीं योजावीं, याचा विचार आहे. त्याहून आमच्या कामाचा भाग म्हणजे ध्रुवांचा. ध्रुवा हें गाणें खरें. पण तें पात्राच्या तोंडचें भाषण नव्हे, वाद्यवृंदांतील गायकांनीं प्रसंगाच्या मागून चालविलेलें गाणें होय. तिचे पांच प्रकार भरतानें सांगितले आहेत. पात्र येतांना प्रावेशिकी, जातांना नैष्क्रामिकी, चाललेला भाव एकाएकीं मोडून दुसरा येतो तेव्हां आक्षेपिकी, ढवळलेलें मन निवळावयाचें असतां प्रासादिकी, आणि प्रयोगांत खंड किंवा दोष उत्पन्न झाला असतां तो झांकण्यासाठीं आंतरा. पात्रास मूर्च्छा आली, वस्त्राभरण सांवरावयाचें झालें, विस्मरण झालें, तर आंतरा उपयोगी पडते.

याच ग्रंथांत स्वरांची रसांशीं सांगडही घातली आहे. हास्य व शृंगार यांस मध्यम-पंचम, वीर, रौद्र व अद्भुत यांस षड्ज-ऋषभ, करुणास गांधार-निषाद, बीभत्स व भयानक यांस धैवत, अशी ती वांटणी आहे. पश्चिमेकडे मूकपटांच्या काळांत अशाच याद्या निघाल्या. जर्मनींत ज्युसेप्पे बेच्चे यांची 'किनोटेक' ही संगीतमाला सन १९१९ पासून निघूं लागली, आणि सन १९२४ मध्यें न्यूयॉर्क येथें अर्नो रॅपे यांनीं 'मोशन पिक्चर मूड्स' नांवाचा मोठा ग्रंथ काढिला. त्यांत प्रत्येक पृष्ठाच्या समासांत भावांची सूचि छापिली होती, म्हणजे पियानो वाजविणाऱ्यास पडद्यावरील प्रसंग बदलतांच योग्य तो तुकडा उघडतां यावा. आजही चित्रपट किंवा माहितीपट करणारे तयार संगीताच्या संग्रहांतून 'उदास', 'गूढ', 'भव्य' अशा नांवांखालीं तुकडे निवडतात. ही त्याच यादीची पुढील पायरी होय.

पण भरत व रॅपे यांच्यांत एक भेद आहे. रॅपेच्या समासांत मुख्यतः भावांचीं नांवें आहेत. भरतानें भावाची यादी दिली खरी, पण तिच्याबरोबर कार्याचीही यादी दिली. हें संगीत येथें काय करण्यासाठीं आलें आहे, आणणें, नेणें, मोडणें, निवळणें कीं झांकणें, हा प्रश्न ध्रुवांच्या नांवांतच आहे. आजच्या पुष्कळशा वातावरणसंगीतास हा प्रश्न विचारला तर तें सर्व आंतरा ठरतें. प्रसंगांत कांहीं उणें आहे या भीतीनें तें पसरलेलें असतें.

आतां परीक्षेची रीत. नैयायिक लक्षणाचे तीन दोष सांगतात, ते येथें जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला अतिव्याप्ति. जें लक्षण लक्ष्याबाहेरही लागू पडतें, तें लक्षण नव्हे. गडकोटांवरील माहितीपटांत जो घुमणारा नगारा व जी तुतारी ऐकूं येते, ती पन्हाळ्यास चालते, रायगडास चालते, आणि उद्यां मारवाडांतील किल्ल्यासही चालेल. ती ऐकून पन्हाळ्याविषयीं अधिक कांहीं कळलें नाहीं. तुकडा काढून दुसऱ्या प्रसंगास जोडावा. तितकाच शोभला तर त्याचें मोल तितकेंच कमी समजावें.

दुसरा अव्याप्ति. प्रसंगाच्या एकाच अंशास तें संगीत लागतें व दुसरा उघडा पडतो. लढाईच्या देखाव्यास आरोळ्यांना साजेसें वाजतें, पण त्याच चौकटींत मागें उभ्या असलेल्या भेदरलेल्या मुलास त्यांत जागा नसते.

तिसरा असंभव, म्हणजे लक्षण लक्ष्यांत मुळींच नसणें. येथें इतिहासाच्या अभ्यासकांनीं एक विवेक राखिला पाहिजे. पडद्यावरील जगांत जें वाद्य वाजत आहे तें निराळें, आणि पडद्याबाहेरून प्रेक्षकासाठीं जें वाजतें तें निराळें. शिवकालीन वाड्यांत बैठक चालली आहे आणि गवयापुढें बाजाची पेटी आहे, तर तो उघड कालविपर्यास होय. हें वाद्य युरोपांतून एकोणिसाव्या शतकांत आपल्याकडे आलें. परंतु तीच पेटी पडद्याबाहेरून, कथा सांगणाराच्या आवाजाप्रमाणें वाजत असेल, तर केवळ तेवढ्यावरून तीस दोष देतां येणार नाहीं. बखरकाराची भाषा बखरींतील पात्रांच्या काळाची नसते, म्हणून आपण बखर टाकून देत नाहीं.

हे तीन दोष टळले तरी गुण सिद्ध झाला असें नव्हे. त्यासाठीं अन्वय-व्यतिरेक पाहिला पाहिजे. संगीत असतां जो अर्थ असतो, तो संगीत नसतां नाहींसा होतो काय? होत असेल तर तो अर्थ संगीताचा. होत नसेल तर संगीत भारभूत. पाणिनीयांचा लोप ध्यानांत घ्यावा. प्रत्यय दिसेनासा झाला तरी त्याचें कार्य मागें उरतें, आणि त्या कार्यावरूनच प्रत्यय होता असें आपण जाणतों.

ही कसोटी आम्हांस ग्रंथांतून प्रथम सुचली असें सांगितलें तर तें खरें होणार नाहीं. अध्यापनकाळांत एका वर्षीं शाळेच्या संमेलनांत आम्हीं विद्यार्थ्यांकडून शाकुंतलाचा चौथा अंक बसविला होता. शकुंतलेच्या निरोपास सारंगीची ध्वनिफीत लावावी असा आमचाच आग्रह. तालमींत ती ऐकून आमच्या डोळ्यांस पाणी येई. प्रयोगाच्या वेळीं ऐन प्रसंगीं फीत यंत्रांत अडकली. आम्ही आंत घाबरलों. बाहेर मात्र कण्वाचें काम करणारा मुलगा त्या शांततेंत थांबत थांबत बोलूं लागला, आणि तालमींत एकदांही न कळलेला त्याच्या शब्दांतील संकोच सभागृहास कळला. आमचे अश्रु सारंगीचे होते, कालिदासाचे नव्हते, हें त्या रात्रीं आमच्या ध्यानांत आलें. तीस वर्षें संस्कृत शिकवून ज्यास शब्दावर भरंवसा ठेवतां आला नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या पार्श्वसंगीतास नांवें ठेवतांना जपून ठेवावीं, एवढा विनय त्या प्रसंगानें शिकविला.

आतां कोल्हापूर. कै. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' सन १९२० मध्यें व 'सावकारी पाश' सन १९२५ मध्यें निघाला. हे मूकपट, त्यांचें संगीत फितीवर नव्हतें. मूकपटांच्या काळीं चित्रपटगृहांत पडद्यापाशीं पेटी-तबल्याची साथ बसे, आणि तें वादन रोज नवें होई. म्हणजे एकाच चित्रपटाचें पार्श्वसंगीत गांवोगांव निराळें, जणूं एकाच संहितेच्या अनेक पाठपरंपरा, आणि एकीचीही पोथी नाहीं. खुद्द पेंटरांच्या मूकपटांपैकीं आज फारच थोडे तुकडे उरले आहेत. त्यांच्या साथीचें कांहींही उरलें नाहीं.

याच कंपनींतून बाहेर पडून दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनीं सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. तिचें बोधचिन्हच तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचें होतें. तिचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' सन १९३२ च्या फेब्रुवारींत प्रदर्शित झाला. त्याचें संगीत कै. गोविंदराव टेंबे यांचें, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. टेंबे पेटीवादनांत अग्रगण्य. 'मानापमान' नाटकाच्या चाली (१९११) त्यांच्याच. ज्या कोल्हापुरांत अल्लादियाखाँ दरबारगायक होते, त्या कोल्हापुरांत त्यांचे कान तयार झाले होते.

त्या वेळच्या यंत्रांची मर्यादा न जाणतां त्या बोलपटांच्या संगीतावर निर्णय देणें अन्यायाचें होईल. आवाज आधीं मुद्रित करून मागाहून चित्रास जोडण्याची रीत सन १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें रूढ केली. तोंवर नट गात असतां साथीदार चौकटीच्या बाहेर, पण ध्वनिग्राहकाच्या टप्प्यांत बसून वाजवीत. संवाद, वाद्य व आजूबाजूचा खडखडाट हीं सर्व फितीच्या कडेच्या एकाच अरुंद पट्टींत उमटत. म्हणून आरंभींच्या बोलपटांत संवादाखालीं संगीत नसेल तर तें सौंदर्यदृष्टीचें लक्षण समजूं नये. आणि असेल तर तें किती कष्टानें आणिलें असेल हें ध्यानांत घ्यावें. पोथींत रिकामी जागा दिसली म्हणजे ती हेतुपुरस्सर सोडली कीं शाई संपली, हें आपण विचारतोंच.

प्रभात सन १९३३ मध्यें पुण्यास गेली. तेथें संगीताचें काम कै. केशवराव भोळे यांजकडे आलें. ते 'एकलव्य' व 'शुद्धसारंग' या नांवांनीं गायकीवर लिहिणारे मर्मज्ञ टीकाकार; सन १९३३ मध्येंच नाट्यमन्वंतराच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकास त्यांचें संगीत होतें. त्यांचे लागोपाठच्या दोन वर्षांतील दोन चित्रपट आमच्या परीक्षेस विशेष उपयोगी आहेत: 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'कुंकू' (१९३७).

'संत तुकाराम' मध्यें संगीत हाच चरित्राचा पुरावा आहे. तुकाराम व सालोमालो या दोघांतील भेद प्रेक्षकास वादानें पटवावा लागत नाहीं. सालोमालो तुकारामांचेच अभंग आपले म्हणून मिरवतो. शब्द तेच राहतात, पण गाण्याची धाटणी बदलतांच चोरी उघड होते. येथें अन्वय-व्यतिरेक चित्रपटानें स्वतःच करून दाखविला आहे. याच चित्रपटांतील 'आधीं बीज एकलें' हा अभंग शांताराम आठवले यांनीं चित्रपटासाठीं रचिला. तो गाथेंत नाहीं. तरी तो तुकारामांचाच असा समज लोकांत झाला. यांत आठवल्यांच्या शब्दांचें श्रेय मोठें आहेच. तथापि विष्णुपंत पागनीसांचा आवाज व भोळ्यांनीं राखिलेलें भजनाचें वळण यांनीं त्या शब्दांस जुन्या कागदाचा रंग दिला, हेंही मान्य केलें पाहिजे. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं यांतून सावध व्हावें. जुनेपणाची खात्री जशी कागदावरून व वळणावरून होते, तशी स्वरावरूनही होते, आणि तशीच फसतेही.

'कुंकू' मध्यें याच्या उलट मार्ग घेतला गेला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरील हा चित्रपट. वृद्ध वकिलाशीं फसवून लग्न लावलेल्या नीरेची ही कथा. दिग्दर्शक शांताराम. त्यांत गाणीं आहेत. लाँगफेलोची इंग्रजी कविताही शांता आपटे यांच्या तोंडीं आहे. पण पडद्याबाहेरून येणारें वाद्यसंगीत वर्ज्य केलें आहे. जो ध्वनि ऐकूं येतो त्यास त्या जगांतच ठिकाण असावें, असा नियम पाळिला आहे. परिणाम असा कीं, नीरेच्या बंडास सहानुभूतीची सारंगी मिळत नाहीं, आणि काकासाहेबांच्या म्हातारपणासही मिळत नाहीं. प्रेक्षकानें कोणाच्या बाजूनें रडावें हें कोणी सांगत नाहीं. निर्णय त्याच्यावर पडतो, आणि कथेचा विषयही निर्णयाचाच आहे.

दोन्ही चित्रपटांचा संगीतकार एक, संस्था एक, अंतर एका वर्षाचें. संगीत पुरविण्याची शक्ति तीच. दिग्दर्शक व विषय निराळे, हें मान्य. तरीही एकाच हातानें एका ठिकाणीं संगीतास साक्षीदार केलें आणि दुसऱ्या ठिकाणीं त्यास न्यायालयाबाहेर ठेविलें, हें पाहिलें म्हणजे पार्श्वसंगीताच्या गुणाचें माप त्याच्या माधुर्यांत किंवा विपुलतेंत नाहीं हें उघड होतें. प्रसंगानें त्यास काय काम दिलें व तें काम दुसऱ्या कशानें झालें असतें काय, एवढेंच पाहावयाचें.

यावर कोणी म्हणेल कीं, ही कसोटी फार कडक आहे. लहान माहितीपट करणाऱ्यानें प्रत्येक प्रसंगास नवी रचना कोठून आणावी? आक्षेप रास्त आहे. तयार तुकडा घेणें हा दोष नव्हे. सुभाषितसंग्रहांतील श्लोकही तयारच असतो. तो कोठें म्हटला, कोठून आरंभ केला आणि केव्हां थांबविला, यांत म्हणणाराचें तारतम्य दिसतें. परीक्षकानें तुकड्याचा आरंभ व विराम विशेष पाहावा. प्रसंगाचा अर्थ पालटतो त्या क्षणीं संगीत सुरू झालें कीं केवळ मागील तुकडा संपला म्हणून, एवढ्यावरून पुष्कळ कळतें.

आतां मागणें. पार्श्वसंगीत गाळलें जातें हें आरंभीं सांगितलें. त्यांत अग्नीची भर पडली आहे. सन १९४८ मध्यें गांधीवधानंतरच्या दंगलींत कोल्हापूरचा भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास प्रभातच्या जुन्या आवारांतील कोठारांत ठेविलेल्या नायट्रेट फिती जळाल्या. ऑगस्ट २०२४ मध्यें शाहू महाराजांनीं बांधविलेलें, पुढें केशवराव भोसले यांचें नांव मिळालेलें कोल्हापूरचें नाट्यगृहही आगींत सांपडलें. 'आलम आरा' (१९३१) या पहिल्या हिंदी बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. गाण्यांच्या तबकड्या तरी घरोघरीं होत्या. त्यांच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत, आणि तीं तीन मिनिटें गाण्यासच दिलीं जात. वाद्यांचें वातावरण विकण्यासाठीं तबकडीवर कोण काढणार? तें फितीबरोबर राहिलें व फितीबरोबर गेलें.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं सनदा, बखरी व पोथ्या आहेत, त्यांनीं आणखी कांहीं कागदांस जागा द्यावी. जुन्या वादकांच्या घरीं स्वरलिपीच्या वह्या असतात. त्यांच्या समासांत 'येथें थांबणें', 'दार उघडतांच' अशा खुणा असल्यास त्या वह्या रद्दी नव्हेत. चित्रपटांचीं हस्तपत्रकें, वादकांशीं झालेले करारमदार, वाद्यवृंदाचीं छायाचित्रें, हेंही सर्व जपावें. जे चित्रपट आज पाहावयास मिळतात त्यांचें टिपण करावें. प्रत्येक प्रसंगापुढें संगीताचा आरंभ व विराम, वाद्यें, राग ओळखतां आल्यास राग, ध्वनि पडद्यांतील कीं पडद्याबाहेरील, आणि आवाज बंद करून पाहतां कोणता अर्थ गेला, इतकीं घरें त्यांत पुरेत. जुन्या फितींत संवाद व संगीत एकाच पट्टींत असल्यानें संगीत तेवढें वेगळें काढतां येत नाहीं. तेथें एकदां नुसतें पाहावें, एकदां डोळे मिटून ऐकावें, व दोन्ही टिपणें जुळवावीं.

पुरूरव्याच्या वनांतील पद्यें कालिदासाचीं असोत वा नसोत, तीं कशा सुरांत गाइलीं गेलीं हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. कोल्हापूरच्या चित्रपटांविषयीं ही वेळ अजून पूर्ण आली नाहीं. या विषयाचे जे कागद कोणाच्या संग्रहीं असतील, ते त्यांनीं मूळ खुणांसह, समास न कापतां, अभ्यासकांपुढें ठेवावेत, अशी नम्र विनंति आहे.